मेजर मॅडमचा नॉर्मल रिपोर्ट

मध्य प्रदेशातल्या सौंसरला माझी बदली झाली, तेव्हा खोली शोधत मी ज्या पहिल्या दारात उभी राहिले तिथं मला कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, एवढंच काय, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. दार उघडणाऱ्या बाईंनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय. खोली वर हाय. अठरा पायऱ्या. चढून दाखव."

मी चढून दाखवलं. धाप लागली.

"पाह्यलं? मास्तरीण हायेस ना? पोरांना काय शिकवशील, फळ्यापर्यंत पोचली तर." आणि खोली मला मिळाली. अट एकच, रोज सकाळी त्यांच्यासमोर लोहाची गोळी गिळायची. लिंबूपाण्यासोबत. चहासोबत घेतली तर खोली खाली करायची.

त्या माझ्या घरमालकीण. साठी ओलांडलेली, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लष्कराच्या दवाखान्यांत परिचारिका म्हणून आयुष्य काढून मेजर या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या. गल्लीत सगळे त्यांना मेजर मॅडम म्हणायचे. पण परगावचा कोणी आला आणि त्याला "ह्या मेजर" असं सांगितलं, की तो हमखास त्यांच्या मागे पाहायचा, मागून नवरा येतोय का म्हणून. नवरा येत नसे. तो नव्हताच.

रामाकोन्याजवळ त्यांच्या घरच्यांचे संत्र्याचे बगीचे. पोरगी फौजेत गेली हे कळलं तर धाकट्या दोघींची लग्नं अडतील, म्हणून वडिलांनी शेवटपर्यंत गावाला सांगितलं, "मोठी नागपूरले दवाखान्यात हाय." मॅडम बर्फात जवानांच्या काळ्या पडलेल्या बोटांना पट्ट्या बांधत होत्या, तेव्हा गावाच्या लेखी त्या नागपुरात बाटल्या धूत होत्या. "बापानं मले देशसेवेतून नागपूरले डेप्युटेशनवर पाठोलं होतं," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्या कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट पकडत. रोज सकाळी आठला गल्लीत त्यांची फेरी असायची. त्या दिसल्या की अर्धी गल्ली हात खिशात घालायची आणि उरलेली अर्धी घरात जायची. कोपऱ्यावरच्या शिंप्याला त्या नावानं हाक मारतच नसत. "काय गा एकशे सत्तर, गोळी घेतली का?" असं भर रस्त्यात विचारत. शिंप्याचं ब्लडप्रेशर पुढं एकशे तीसवर आलं, पण नाव एकशे सत्तरच राहिलं.

शनिवारी त्या जामसांवलीला जात. देवळात नाही, बाहेर झाडाखाली. एक स्टूल, एक ब्लडप्रेशरचं मशीन, साखर तपासायची डबी. मारुतीच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात, त्यांत आजारी माणसं पुष्कळ. कुणीतरी त्यांना विचारलं, "मॅडम, देवाच्या दारात तुम्ही दुकान लावून राहिल्या?" त्यावर त्या म्हणाल्या, "मारुतीरायाचं डिपार्टमेंट अलग, माहं अलग. आम्ही एकमेकाच्या वार्डात जात नाई." एकदा एका ओल्या बाळंतिणीला घरचे धरून घेऊन आले होते. बाहेरची बाधा झाली, बडबडते, म्हणत होते. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि घरच्यांनाच झापलं. "बाधा-बिधा काही नाई, सूतिकेचा ताप हाय. दर्शन मागून करा, ही जिती राहिली तर." त्या पोरीला रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. पोरगी वाचली. घरच्यांनी येऊन मारुतीला नारळ फोडला. मॅडम म्हणाल्या, "बरोबर हाय. मी खोबरं खात नाई, कोलेस्ट्रॉल वाढते."

त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं, कारण ते त्या दिवसातून चारदा म्हणत. "बिमारी लाजत नाई, बाई लाजते. म्हणून बिमारी जितते."

त्यांच्यासोबत मी पहिल्यांदा माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेले ती वार्षिक तपासणीसाठी. शहराचं नाव सांगत नाही. उगाच तिथल्या लोकांना वाटायचं, हे फक्त आपल्याकडेच होतं. बसनं दोन-अडीच तासांचा रस्ता. खिडकीवरच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "सैनिक कहाँ हैं?"

"यहीं खड़ी है," मॅडम म्हणाल्या.

"आप तो वाइफ होंगी. पति का सर्विस नंबर बोलिए."

मॅडमनी नंबर सांगितला. बाबूनं तो कॉम्प्युटरला सांगितला. कॉम्प्युटर म्हणाला, हे पुरुष नाही. बाबूनं पुन्हा सांगितलं. कॉम्प्युटर ऐकेना. मग बाबूनं मोठ्या समजूतदारपणे त्यातून मार्ग काढला. सैनिक म्हणून मॅडमचा नंबर टाकला आणि तपासणीला आलेली व्यक्ती या रकान्यात 'पत्नी' निवडलं. कॉम्प्युटर लगेच खूश झाला, चिठ्ठी बाहेर आली. सरकारच्या दृष्टीनं मॅडम आता स्वतःच्याच बायको होत्या.

"चांगला नवरा भेटला व," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "पेत नाई, मारत नाई."

आत डॉक्टरांच्या खोलीचा दरवाजा उघडाच होता. समोरच्या बाकावर दहा-अकरा निवृत्त सुभेदार, हवालदार आपापले गुडघे धरून बसलेले. तपासणीचा छापील कागद होता, त्यावर एकेका अवयवापुढे बरोबरची खूण करायची. मॅडम आत गेल्या, तीन-चार मिनिटांत बाहेर आल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो कागद उलगडला आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की कंडक्टरनं वळून पाहिलं. डोळे ठीक, दात ठीक, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, प्रोस्टेट नॉर्मल.

प्रोस्टेट ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते, हे मला त्यांनी तिथंच, भर बसमध्ये समजावून सांगितलं. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "मागच्या सालीही नॉर्मल होती," त्या म्हणाल्या. "लय मजबूत दिसते." सौंसर येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. मी तर पुढं आठवडाभर शाळेत सगळ्यांना तो किस्सा सांगितला आणि फार विनोदी बाई म्हणून भाव खाऊन घेतला.

त्याच वर्षी संत्रा तोडणीच्या दिवसांत शेवंताबाई आमच्याकडे आली. ती रामाकोन्याची, बगीच्यांत मजुरी करणारी, पन्नाशीची. आली होती खोकल्याचं औषध मागायला. मॅडमनी तिला बसायला सांगितलं. ती म्हणाली, उभीच बरी आहे. मॅडमनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बसमध्येही उभीच आली?"

"हाव."

"अंग बाहेर येते का?"

शेवंताबाईनं पदर तोंडात धरला आणि रडायला लागली. चौथ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी कापूस वेचायला गेली होती, तेव्हापासून. कितीतरी वर्षं गर्भाशय खाली सरकलेलं, जखमा झालेल्या, आणि डोक्यावर संत्र्याचे क्रेट. दवाखान्यात गेली नव्हती असंही नाही. तीनदा गेली होती. तिन्ही वेळा डॉक्टरांच्या टेबलाभोवती बाप्यांची गर्दी, सगळ्यांदेखत प्रश्न, "क्या तकलीफ है?" आणि तिन्ही वेळा तिनं सांगितलं होतं, "खांसी." आपल्या आरोग्यव्यवस्थेनं तिला निराश केलं नाही. तिन्ही वेळा खोकल्याचं औषध दिलं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी तिला एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. रविवार नव्हता, तरी मी शाळेतून रजा काढून गेले, कारण तमाशा होणार हे मला ठाऊक होतं. खोलीत टेबलामागे एक तरुण डॉक्टर, टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसं, एकमेकांच्या खांद्यावरून चिठ्ठ्या पुढं करणारी. डॉक्टरांनी विचारलं, "क्या तकलीफ है?" शेवंताबाईनं तोंड उघडलं, आणि मला दिसलं की ती आता पुन्हा खोकणार.

मॅडम टेबलाला पाठ करून उभ्या राहिल्या. साठीच्या बाईच्या छातीतून तो आवाज कसा निघाला कोण जाणे.

"मर्द लोग, सावधान! पीछे मुड़!"

माझ्यावर विश्वास ठेवा, सगळे वळले. का वळलो हे त्यांनाही कळलं नसावं. एक पोलीस शिपाई होता, तो तर टाच आपटून वळला. घाईघाईत डॉक्टरही खुर्चीसकट भिंतीकडे वळले. "आप नहीं, डॉक्टर साहब," मॅडम म्हणाल्या.

त्या पंचवीस पाठींच्या आडोशाला शेवंताबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आपला आजार डॉक्टरला सांगितला. महिनाभरात ऑपरेशन झालं. ती बरी झाली. पहिल्यांदा आमच्या ओट्यावर मांडी घालून बसली, तेव्हा मॅडमनी मला बोलावून ते दाखवलं, जसं कुणी नवा फ्रीज दाखवतं तसं.

इथपर्यंतच्या मॅडम गल्लीला माहीत आहेत. पुढचं मी फारसं कुणाला सांगत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वावटळ सुटली म्हणून मी गच्चीवरचे कपडे गोळा करायला गेले. तारेवर मॅडमचा पांढरा ब्लाउज होता. धुतलेला, तरी आतल्या बाजूला, डावीकडे, तपकिरी डाग. एक नव्हे, वेगवेगळ्या दिवसांचे, एकावर एक.

मी तो हातात घेऊन खाली आले. त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी ब्लाउजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शेंगा सोलत राहिल्या.

"सुपारीएवढी होती," त्या म्हणाल्या. "आता लिंबाएवढी हाय."

"कधीपासून?"

"दोन साल."

मी मनात मोजलं. दोन साल म्हणजे बसमध्ये आम्ही हसत होतो तेव्हा ती गाठ तिथंच होती, त्यांच्या आणि माझ्या मधे, सीटवर.

"पण तपासणीला तर गेला होतात!"

"गेली होती ना. रिपोर्ट नॉर्मल आला."

"मॅडम, तुम्ही सांगितलं होतं का डॉक्टरला?"

त्यांनी शेंगांचं सूप जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "दरवाजा उघडा होता व. समोर ते सगळे सुभेदार बसून होते. मले मॅडम म्हणून सलाम करणारे. त्यांच्यातल्या दोघा-तिघांचे टाके मी काढले हायेत. डॉक्टरनं खाली मान घालून इचारलं, क्या तकलीफ है." त्यांनी गुडघ्यावरचं टरफल झटकलं. "मी म्हटलं, घुटना."

मला खूप काही बोलायचं होतं. त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. पण त्या दाणे एकेक करून परत टरफलांत भरत होत्या, आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. मी तो ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला.

मग चार दिवस मी त्यांच्या मागे लागले. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते दुर्दैवानं खरं होतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं तर आधी माजी सैनिकांच्या दवाखान्याची चिठ्ठी पाहिजे. चिठ्ठी पाहिजे तर तिथं तपासणी झाली पाहिजे. बाईला तपासायचं तर सोबत बाई कर्मचारी पाहिजे. ती जागा मंजूर आहे, फक्त बाई नाही. "अन् मी मरीनच असं काही नाई," त्या म्हणायच्या. "पाहू पुढच्या सालच्या तपासणीत." पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाठी शोधणारी बाई स्वतःच्या गाठीला तारीख देत होती.

पाचव्या दिवशी मी रामाकोन्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शेवंताबाई हजर. सोबत फडक्यात भाकरी बांधलेली. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, चाला."

"कोठी?"

"तुमच्या फौजीच्या दवाखान्यात. मले सगळं सांगतलं मास्तरीणबाईनं."

मॅडम माझ्यावर अशा चिडल्या की मला खोली खाली करायला सांगितली. शेवंताबाईनं मध्येच त्यांना तोडलं. "तिले मंग काढजा घरातून. पयले लुगडं बदला. बस जाऊन राहिली."

त्या दिवशी मी पाहिलं ते असं. दवाखाना तोच, बाबू तोच, बाकावर बहुधा सुभेदारही तेच. मॅडम आत जाऊन खुर्चीवर बसल्या. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "हाँ, क्या तकलीफ है?" मॅडम टेबलाच्या कडेकडे पाहत राहिल्या. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मागे भिंतीला टेकून उभी असलेली शेवंताबाई पुढं आली. तिला हिंदी येत नव्हती, आणि त्याची तिला पर्वाही नव्हती.

"साहेब, मान वर करा. बाईच्या छातीत गाठ हाय. दोन साल झाले. रक्त येऊन राहिलं. तुमच्या कागदावर ते लिहाले जागा नाई, म्हणून तिनं सांगतलं नाई. आता मी सांगून राहिली. तपासा."

हे सगळं बाहेरच्या बाकालाही ऐकू गेलं. तिथली कुजबुज थांबली. एक पांढऱ्या मिशीचे हवालदार उठले. मला वाटलं, हे आता आत डोकावणार. ते आले आणि दरवाजा लावायला लागले. दरवाजा लागेना, कारण त्याच्यामागे मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून व्हरांड्यात काढल्या. आमच्याकडे न पाहता दार ओढून घेतलं आणि बाहेर पहाऱ्यावर उभे राहिले.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं झाडझूड करणाऱ्या मावशीला बोलावून सोबत उभं केलं, हात धुतले, तपासलं. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, आपने पिछले साल क्यों नहीं बताया?" त्यानं विचारलं. आणि मॅडम, ज्या कुणाला कधी सोडत नसत, त्याला इतकंच म्हणाल्या, "आपने पूछा नहीं, मैंने कहा नहीं. दोनों की गलती है." चिठ्ठी लिहायला त्याला तीन मिनिटं लागली. दोन वर्षं अडलेलं काम तीन मिनिटांचं होतं.

नागपूरला ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. काखेतल्या गाठी काढल्या. मग ते औषध, ज्यानं केस जातात. "माहे केस तसेही हेडक्वार्टरनं कापलेले," त्या म्हणाल्या, पण पहिल्या दिवशी उशीवरचे केस पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत फिरवलं नाही. शेवंताबाई आणि मी आळीपाळीनं राहायचो. वार्डात त्या अत्यंत वाईट पेशंट होत्या. सलाईनचे थेंब मोजायच्या, नर्सला सुईचा कोन सांगायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला दुखण्याचं औषध मिळेपर्यंत घंटी वाजवत बसायच्या. घंटी बिघडली तेव्हा ताट वाजवलं. सुट्टी मिळाली त्या दिवशी वार्डातल्या नर्सा रडल्या. त्यातल्या काही आनंदानं.

डावा हात तेव्हापासून सुजलेला असतो. सकाळची फेरी सुरू आहे, पण आता मनगट उजव्या हातानं पकडतात. दर सहा महिन्यांनी नागपूरला तपासणी. आतापर्यंत ठीक आहे. आतापर्यंत, हा शब्द त्यांचाच. मी नुसतं ठीक म्हटलं की त्या दुरुस्त करतात.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेनं ठरवलं, यंदा गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार करायचा. यादीत मॅडमचं नाव मी घातलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "इनके पति?" मी म्हटलं, "सर, पतीही त्याच आहेत." त्यांना कळलं नाही, पण नाव राहिलं.

त्या दिवशी सकाळी मॅडमनी कपाटातून एक डबा काढला. आत चार पदकं होती. इतक्या वर्षांत मी ती कधीच पाहिली नव्हती. सुजलेला हात वर जात नव्हता, म्हणून त्यांनी ती माझ्यापुढं धरली. "लावून दे. डाव्या बाजूले लावतात."

मी पिन हातात घेतली आणि थबकले. ब्लाउजखाली ती बाजू सपाट होती.

"भेऊ नको," त्या म्हणाल्या. "तिथं आता टोचत नाई. अन् पाह्य, कशी सरळ बसतील. पयले उतारावरच्या गाडीवानी दिसत."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. डोळ्यांपुढं धूसर झालं, आणि चौथ्या पदकाची गंजलेली पिन माझ्याच बोटात घुसली. रक्ताचा टपोरा थेंब आला.

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी माझं बोट पकडून उजेडात धरलं.

"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?"

"आठवत नाही. मॅडम, उशीर होतोय, झेंडा..."

"आठवत नाई म्हणजे घेतलं नाई. चाल."

झेंडावंदन हुकलं. मला नंतर शाळेत कळलं, की माइकवरून त्यांचं नाव तीनदा पुकारलं होतं, हुद्द्यासकट आणि त्यांना कुणाची 'श्रीमती' न करता. टाळ्यासुद्धा वाजल्या म्हणे, रिकाम्या खुर्चीसाठी. त्या वेळी मेजर मॅडम, छातीवर चार पदकं लावून, दवाखान्यात माझी बाही वर धरून उभ्या होत्या आणि नर्सला सांगत होत्या, "नवीन सुई घे. माह्यासमोर फोड."